मागच्या बटणांचा गाऊन

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले आहे. पत्राचं एक बरं असतं, मध्येच कट करता येत नाही. फार तर तू ते उशाखाली सारशील, पण मी ओळखून आहे तुला, संध्याकाळपर्यंत काढून वाचशीलच. तुझ्या नवऱ्याकडून सगळं कळतं मला. छातीचं ऑपरेशन नीट पार पडलं, डावी बाजू काढावी लागली पण गाठ पूर्ण निघाली, डॉक्टरीणबाई समाधानी आहेत. आणि तू मात्र डावा हात अंगाशी धरून खोलीत बसून असतेस. शिकवलेले व्यायाम करत नाहीस, कोणाला जवळ फिरकू देत नाहीस, आणि त्या बिचाऱ्याची रवानगी बाहेरच्या खोलीत केली आहेस. हात असाच धरून ठेवलास तर तो कायमचा आखडून बसेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना? मी भेटायला आले होते तेव्हा ऐन उकाड्यात मानेपर्यंत शाल ओढून बसली होतीस आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतीस. माझ्याशी! असो. त्यावर मी सध्या काही बोलणार नाही. आज मी माझंच रडगाणं गाणार आहे, तू निमूटपणे ऐकायचं.

तर, माझा उजवा खांदा. तुझ्या आजारपणाच्या गडबडीत तुला सांगितलं नव्हतं, पण तो पार लाकूड झाला होता. कात्री धरली की कळ, मशीनखाली कापड सरकवलं की कळ. वरच्या फळीवरचा रिळांचा डबा काढता येईना, केस विंचरता येईनात, स्वतःची वेणी नवऱ्याकडून घालून घ्यायची वेळ आली. ती वेणी कशी असायची ते विचारू नकोस. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, व्यायाम करा, जोडीला मालीशही चालेल. तुझ्या भाचीने तेवढंच बरोब्बर ऐकलं आणि घरी येऊन मालीश करणाऱ्या एका बाईला परस्पर ठरवून मोकळी झाली. मी काय थयथयाट केला म्हणून सांगू! मालीश म्हणजे रिकामटेकड्या लोकांचे चोचले, मी कष्टाचं खाणारी बाई, परक्या बाईने घरात शिरून माझं अंग चेपायचं म्हणजे शेजारीपाजारी काय म्हणतील, एक ना दोन. लेक शांतपणे म्हणाली की आई, तू दिवसभर परक्या बायकांच्या अंगाला टेप लावतेस, तुझ्याविषयी शेजारी काय म्हणतात? मी फोनच ठेवून दिला.

मग घरी मालीश म्हणजे काय काय लागतं, याचा अंदाज आम्ही नवराबायकोने मिळून बांधला. दोघांनाही काडीची माहिती नाही, पण मतं भरपूर. तुझ्या भावोजींचं म्हणणं, मोठी रिकामी खोली पाहिजे, मंद दिवा पाहिजे, आणि कुठूनतरी पाण्याचा खळखळाट ऐकू आला पाहिजे, त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्यांनी माझ्या शिवणाच्या खोलीतलं कपाट ओढत बाहेर नेलं, कापायचं टेबल उभं करून भिंतीला लावलं आणि त्या खटाटोपात स्वतःच कंबर धरून बसले. नळ थोडा सोडून ठेवू का, असं त्यांनी खरंच विचारलं. येणारी बाई दांडगी असणार आणि हाडं मोडून ठेवणार, हेही त्यांनीच ठरवलं आणि न बघताच तिचं नाव पैलवान ठेवलं.

माझी धास्ती वेगळीच होती. मालीश म्हणजे अंगावरचे कपडे उतरवायचे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता मी पडले कपडे शिवणारी, अडचण कुठलीही असो, मला एकच उपाय सुचतो. जाड सुती कापड घेतलं आणि स्वतःसाठी एक गाऊन शिवला. पुढून गळ्यापर्यंत बंद, बाह्या मनगटापर्यंत, आणि मागे मानेपासून कमरेपर्यंत बटणांची रांग. म्हणजे त्या बाईला लागेल तेवढीच पाठ उघडायची आणि बाकीची मी कुलूपबंद. दुखऱ्या खांद्याने सगळी काजं हाताने केली, बटणं लावली, आणि खांदा होता त्याच्यापेक्षा दुप्पट दुखवून घेतला. ती यायच्या दिवशी गाऊन अंगात घातला तेव्हा डोक्यात उजेड पडला की बटणं मागे आहेत, आणि माझा हात मागे जातच नाही. हात मागे जात असता तर मालीश कशाला लागली असती! शेवटी तुझ्या भावोजींनी एकेक बटण लावून दिलं, खो खो हसत. तू असतीस तर जमिनीवर लोळली असतीस, हे माझ्या मनात आलंच. इतकी वर्षं शिवणकाम केलं, पण एवढी मूर्ख वस्तू माझ्या हातून दुसरी झालेली नाही.

दार उघडलं तर समोर काडी पैलवान. बारकीशी बाई, खांद्याला घडीचं टेबल आणि हातात पिशवी. तिने रिकामी केलेली खोली पाहिली आणि विचारलं, घर बदलताय का? टेबलाभोवती फिरता येईल एवढी जागा तिला पुरत होती, ती तर कपाटासकट सुद्धा होती. मग माझा गाऊन पाहिला. हसू दाबायचा तिने फार प्रयत्न केला, पण मीच फुटले आणि मग दोघीही हसलो. ती म्हणाली, तुम्हाला ज्यात बरं वाटेल ते घाला. सैल कपड्यांवरूनही करता येतं, तेल नको असेल तर नको. आणि तेल लावायचं झालं तरी अंगावर चादर असते, जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकी सगळं झाकलेलं. शिवाय खांद्यासाठी पाठीवर झोपावं लागणार होतं, म्हणजे ती बटणं मलाच टोचली असती. तेल लावण्याआधी तिने किती चौकशा केल्या! बीपी आहे का, साखर आहे का, कुठली औषधं, कधी ऑपरेशन, कुठे हात लावलेला आवडत नाही. हा शेवटचा प्रश्न मला जरा विचित्र वाटला होता. तुझे भावोजी दाराबाहेर पेपर धरून पहाऱ्याला बसले होते आणि मधूनमधून खोकून आपण जागे असल्याचं कळवत होते. ती म्हणाली, दार उघडं ठेवा, नाहीतर काकांना आतच बसू द्या. तेव्हा ते असे काही लाजले की थेट भाजी आणायला निघून गेले.

मला आणखी एक वाटत होतं, की ती घरी आलेली पाहुणी, तिला रमवलं पाहिजे. टेबलावर आडवी पडून मी तिची सासू, मुलं, नवऱ्याची नोकरी, सगळं विचारून घेतलं. तिलाही सासूविषयी बरंच बोलायचं होतं म्हणा. पण मग तीच म्हणाली, काकू, बोलायलाच पाहिजे असं नाही, झोप आली तर झोपा. त्यानंतर मी घोरले म्हणे. आणि दुखण्याचं तर विचारूच नकोस. जितकं जास्त दुखेल तितका लवकर गुण येणार, असं मला वाटायचं, म्हणून पहिल्या दिवशी मी दात आवळून पडून होते. तिने हात थांबवले आणि दुखतंय का विचारलं. मी म्हटलं छे, चालू दे. ती म्हणाली, मग मूठ का वळली आहे? सोसायचं नाही, सांगायचं, असा तिचा नियम आहे. बरं, ती काही जादूगार नाही हो. तेलाच्या बाटलीचं झाकण दर वेळी विसरून जाते, आणि एकच गाणं गुणगुणते, तेही बेसूर. तुझ्या भावोजींना वाटलेलं, पहिल्याच दिवशी मी टेबलावरून उतरून रिळांचा डबा काढणार. तसलं काही झालं नाही. हळूहळू सुटतोय खांदा, व्यायामही करावे लागतात. वेणी मात्र आता माझी मी घालते. डब्याला अजून स्टूल लागतं.

पण जे सांगायला बसले ते हे नाहीच. ऐक. ती दर वेळी नव्या जागी हात नेण्याआधी विचारते. मानेला घेऊ का? दंडाला घेऊ का? मला आधी हसू यायचं, अगं, त्यासाठीच तर आली आहेस, विचारतेस काय. एकदा मला लहर आली. तिने विचारलं, मानेखाली हात घालू का, आणि मी म्हटलं, नको. कारण काहीच नव्हतं, उगाच तिची परीक्षा. तिने हात काढून घेतले, चादर खांद्यापर्यंत ओढून दिली आणि स्टुलावर बसून राहिली. का नको, असं विचारलं नाही. चेहरा पाडला नाही. काकू, तुमच्या भल्यासाठीच सांगतेय, असलं काही बोलली नाही. नुसती बसली. आणि भिंगरे, मला रडूच कोसळलं. एवढ्या आयुष्यात मी नको म्हटलं आणि समोरचं माणूस तिथल्या तिथे थांबलं, असं मला दुसरं आठवेना. आपल्याला नेहमी नकोचं कारण द्यावं लागतं, आणि ते कारण वर पसंतही पडावं लागतं.

तिथेच पडल्या पडल्या मला तू आठवलीस. गेल्या काही महिन्यांत तुझ्या अंगाला किती जणांनी हात लावला असेल गं! सुया, पट्ट्या, नळ्या, तपासण्या. सगळे तुझ्या भल्यासाठीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विचारलं किती जणांनी? आणि घरी आल्यावर आम्ही सगळे, जखम बघू, हात उचल, अशी लाजतेस काय. ती शाल तू का ओढतेस ते मला तेव्हा कळलं. तोवर मी तुझ्यावर रागावले होते, खरंच सांगते. आता नाही.

बरोबरच्या पार्सलमध्ये तोच गाऊन आहे. घाबरू नकोस, सगळा उसवून नव्याने बेतलाय. मागची बटणं काढली, बाह्या कापल्या, डाव्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत मोकळा ठेवून बंद लावलेत, तुझ्या उजव्या हाताला सहज पोचतील असे. डावी बाजू सरळ कापली आहे, आत कापूस नाही, काही लपवाछपवी नाही, तू आता जशी आहेस तशी. माप मागितलं नाही तुझं. तसंही ते मला कधी मिळालंय? मी शिवण शिकत होते तेव्हा तुला समोर उभं करून टेप लावायची, आणि टेप काखेपाशी आली की तू खिदळत गिरक्या घ्यायचीस, म्हणून तर भिंगरी झालीस. तुझा एकही फ्रॉक धड बसला नाही. पैलवानला मी तुझ्याविषयी विचारलंय. अशा ऑपरेशननंतर कसं हळुवार करायचं, याचं तिने वेगळं शिक्षण घेतलंय, पण डॉक्टरीणबाईंच्या परवानगीशिवाय ती बोटसुद्धा लावणार नाही. ती परवानगी तुझ्या नवऱ्याने विचारून ठेवली आहे, पाठीला, मानेला आणि हाताला चालेल, जखमेच्या जागी नाही. दुसरी परवानगी तुझी. आम्ही दोघी येऊ, तू म्हणशील त्या दिवशी, तुझ्याच खोलीत, कपाट हलवायचं नाही. दारातून नको म्हणालीस तर ती स्टुलावर बसेल, चहा घेईल, आणि आम्ही काही न विचारता परत जाऊ. पुन्हा ये म्हणालीस की पुन्हा येऊ. गाऊन नाही आवडला तर शाल पांघरून बस, पण दार उघड. फक्त एक गोष्ट मी तिला तुझ्या परस्पर सांगून ठेवली आहे, की माझ्या बहिणीला काखेपाशी फार गुदगुल्या होतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथे आता तुला स्पर्श कळणार नाही कदाचित. ते मी कोणाचं ऐकून मानणार नाही. तूच सांग.

तुझीच,
ताई