अकोल्यात दोनशे मीटर खोल

४ मे
घड्याळ आलं. स्विस, १९६७, पाणबुड्यांचं. दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं. पॉलिश झालेलं नाही, काच मूळची. अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसावं. (चौकशी केलेली नाही. गरज नाही.) शालू म्हणाली, तुमाले पोयता तं येत नाई. बायकोला विषयाची पार्श्वभूमी नाही. अभ्यास वेगळा, पोहणं वेगळं.

७ मे
लेकीचं, प्रणालीचं साक्षगंध (साखरपुडा) अठराला, आपल्याच घरी. मुलगा कुलदीप, अमरावतीचा. नवरदेवाला घड्याळ द्यावंच लागतं. शोरूममधलं कोणीही देईल. मी हेच देणार. संग्राहकाला मोह नसावा.

७ मे, दुपारी
मोह आहे. पण घरात सांगून बसलो.

१२ मे
कुलदीपला फोनवर नियम सांगितले. हात धुताना काढायचं. घाम आला की काढायचं. नळाजवळ जायचंच नाही. तो म्हणाला, काका, पन हे पान्यातलंच हाये ना? समजावलं, आतलं रबर साठीला आलंय. नवीन टाकता येतं, पण मग अस्सलपणा संपला. त्याने विचारलं, मंग घालाचं कवा? गोडी लागते आहे.

१८ मे, सकाळी
पंचेचाळीस अंश. भाड्याने मोठा कुलर आणला. निश्चय: घड्याळावरचं भाषण पाच मिनिटांत आटोपायचं.

१८ मे, संध्याकाळी
भाषण अर्धा तास. विषयच तसा आहे. मनगटावर घड्याळ बांधलं आणि बघतो तर नवरदेवाला मानाने कुलरच्या तोंडाशी बसवलेलं! ओल्या खसचा दमट वारा थेट घड्याळावर. कोणीही जाणकार करील तेच केलं. कुलर बंद. शालूने चालू केला. मी बंद. तिने पुन्हा चालू केला. मग मेन स्विचच पाडला. पंखेही गेले, हे मान्य.

कुलदीपच्या मावशीला चक्कर आली. त्याचे वडील किसनराव उठले, म्हणाले, पाव्हण्यायले भाजाले बोलावलं काय? न जेवता सगळे निघाले. अंगठ्या घालायच्या राहिल्या. घड्याळ त्याच्याच हातात गेलं.

१९ मे
प्रणाली बोलत नाही. शालू बोलते आहे. कोणतं जास्त वाईट, ठरवता येत नाही.

२२ मे
किसनरावांना फोन. ठरवलं होतं, माफी मागायची नाही, भूमिका मांडायची. तीनदा माफी मागितली. भूमिका नंतर मांडता येईल. ते म्हणाले, पोरगा अडून बसला, करीन तं हेच पोरगी. म्हणून सोयरीक कायम. अंगठ्या रविवारी, अमरावतीला. घड्याळ वापस घेऊन जा. आन् कुलरजवळ तुमी बसाचं नाई.
सन्मानजनक तोडगा.

२५ मे
अंगठ्या झाल्या. मी दारापाशी, उन्हात बसलो.
निघताना कुलदीपच्या आई, बेबीताई, घड्याळ घेऊन आल्या. म्हणाल्या, लोकायची वस्तू मयकट कशी वापस करू? साबनाच्या पान्यात रातभर भिजू घातलं, मंग घासलं.
काचेच्या आत पाणी हलत होतं. काटे बुडलेले.
मी तोंड उघडलं. समोर प्रणाली उभी. बोटात अंगठी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती, आणि श्वास रोखून.
म्हटलं, लय चांगलं केलं, ईहीणबाई. एकदम नव्यासारखं झालं.