भीमराजाची बहीण

कोडंबाक्कम, मद्रास
६ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. पेचीस, अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक.

तुझा भाऊ आता माणसांत आला, म्हणजे लोक तोंडावर थुंकायला लागले. इतकी वर्षं घोड्यावरून पडलो, काचा फोडून उड्या मारल्या, कुत्र्यानेही ओळखलं नाही. या नव्या चित्रपटात नायक ज्योतिवेलला केसाला धरून भरबाजारात फरफटत नेलं आणि मायकण्णनचा एकदम खलनायक भीमराजा झालो. काल इडली खायला गेलो तर वाढणाऱ्या म्हातारीने सांबार द्यायचंच नाकारलं. सोन्यासारख्या पोराला मारतोस, तुझा हात झडो, म्हणाली. मी तिच्या पाया पडलो. आमच्या धंद्यात शाप हीच शाबासकी.

मासाणम दाजी तिथल्या ज्योतिवेल रसिक मंडळाचे अध्यक्ष, तेव्हा त्यांचं डोकं तापलं असेल. त्यांना सांग, मेव्हणा पोटासाठी मारतो. वेल्लत्ताईला मामाचा पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अण्णा

*

नागमलैपट्टी
१९ फेब्रुवारी १९८३

ति. अण्णास, पेचीचा सा. न. वि. वि.

तुझं नाव झालं, फार बरं वाटलं. आईने बघायला हवं होतं.

तू ह्यांच्या तापलेल्या डोक्याचं लिहिलंस म्हणून सांगते. चित्रपट लागला त्या दिवशी ह्यांनी थिएटरपुढच्या ज्योतिवेलच्या उंच चित्राला घागरभर दूध घातलं, कापूर ओवाळला, नाचत आत गेले. बाहेर आले ते वेगळेच. घरात पाऊल टाकताच म्हणाले, भीमराजाची बहीण कुठाय. मी भात वेळत होते. केसाला धरलं आणि तू त्याला नेलंस तसंच मला अंगणातून विहिरीपर्यंत नेलं. विहिरीच्या काठावर तोंड आपटलं, समोरचे दात गेले. सासूबाई म्हणाल्या, सिनेमाचा ताप आहे, उतरेल. पण ते पुन्हा चित्रपट बघायला जातात आणि ताप पुन्हा चढतो. पंच म्हणाले, घरातलं घरात ठेवा.

तू येऊ नकोस आणि त्यांना पत्रही लिहू नकोस, त्याने वाढेल. एवढंच कर, पुढच्या चित्रपटात जरा लवकर हर. तू काय, पडायला सरावलेलाच आहेस. काळजी करू नकोस, तांदळाची कण्हेरी पिऊन माझं बरं चाललंय. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी पेची

*

मद्रास
२ मार्च १९८३

चि. पेचीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून भिंतीवर डोकं आपटून घेतलं. कोयता घेऊन मदुरैची गाडी पकडणार होतो. पण मग तू म्हणालीस तेच धरलं. थेट दिग्दर्शकाच्या घरी जाऊन पाय धरले. म्हटलं, नव्या चित्रपटात मला मारा. नुसतं मारू नका, कुत्र्यासारखं मारा, नाक घासायला लावा. तो हसतच सुटला. मार मागायला आलेला खलनायक त्याने जन्मात पाहिला नव्हता. ज्योतिवेलला तर हवंच होतं. त्याने छातीवर लाथ घातली ती खरीच लागली, बरगडीला चीर गेली. मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, बसू दे. इथे मला जेवढी बसेल तेवढी तिकडे तुझी वाचेल.

दिवाळीला हा चित्रपट लागेल. दाजींचं मन शांत होईल. तोवर धीर धर. आशीर्वादाला ओहोटी नाही.

तुझा अण्णा

*

नागमलैपट्टी
१४ नोव्हेंबर १९८३

ति. अण्णास सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहून देताहेत, माझा उजवा हात बांधलेला आहे.

तुझा चित्रपट लागला. तू मार खाल्लास तेव्हा म्हणे लोकांनी पडद्यावर नाणी उधळली. हे खुशीत आले, सोबत मंडळाचे चौघे. मला वाटलं, सुटले. सगळ्यांना कॉफी दिली. मग ह्यांना ती मारामारी करून दाखवायची हुक्की आली. ज्योतिवेल व्हायला सगळे तयार, भीमराजा व्हायला कुणी उठेना. तर हे म्हणाले, अरे, घरची भीमराजा आहे की. मला मधे ओढलं. अण्णा, एकही लाथ विसरले नाहीत. चौघे शिट्ट्या मारत होते. नाक घासायची वेळ आली तेव्हा मी घासलं, कारण वेल्लत्ताई दारात उभी होती आणि मला ते लवकर संपवायचं होतं. शेवटी हातावर उडी मारली. हाडवैद्याने अंडं नि उडदाचं पीठ लावून बांधलाय.

म्हणजे तू जिंकलास तरी मार मला आणि हरलास तरी मलाच. तुझी चूक नाही, पण आता माझ्यासाठी पडू नकोस.

मासी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमारास, वेल्लत्ताईचे कान टोचायचे ठरलंय. पोर मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय सोनार सुईला हात लावत नाही, तुला ठाऊकच आहे. मामा आला नाही तर भावकी म्हणेल हिला माहेर नाही. म्हणू दे. तू येऊ नकोस. मंडळवाले वाटच बघताहेत. बाईंचाही नमस्कार घ्यावा.

तुझी पेची

*

सरकारी रुग्णालय, मदुरै
१ मार्च १९८४

चि. पेचीस आशीर्वाद.

मामा असून मी येणार नव्हतो, असं वाटलंच कसं तुला? कान टोचायच्या दिवशी तू बायकांत, देवळामागे होतीस. पुढे काय झालं ते तुला माझ्याकडून कळू दे.

पोर माझ्या मांडीवर होती. सोनाराने एक कान टोचला, ती रडली, मी तिच्या तोंडात साखर घातली. तेवढ्यात दाजी आणि मंडळ आलं. मामाच्या आहेराची ताटं लाथेने उडवली. दाजी म्हणाले, उठ, भीमराजा. सगळा गाव गोळा झाला, पोरं झाडांवर चढली. फुकटात भीमराजाची मारामारी बघायला मिळणार होती. मीही उठलो, पेची. तुझे दात आठवले, हात आठवला, आणि सगळा जीव मुठीत आणून ठोसा मारला. मूठ त्यांच्या गालापासून बोटभर अलीकडे थांबली. पुन्हा मारला, पुन्हा थांबली. उभ्या आयुष्यात हात हेच शिकलाय. आमच्या धंद्यात ज्याचा ठोसा खरा लागतो त्याची भाकरी जाते. दाजींना कळलं. ते हसले, गाव हसला. मग सायकलची साखळी आली. डावा डोळा गेला. त्यापुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तर उशाशी इन्स्पेक्टर. म्हणाला, देवीच्या बोकडासाठी आणलेल्या कोयत्याने मासाणमची मान कुणी तोडली. मी म्हटलं, मी. त्याने एक शब्द उलटा विचारला नाही, माझे सगळे चित्रपट त्याने पाहिलेत.

कुणी केलं ते मला कळलंय. तू तोंड उघडू नकोस. पोरीला आई हवी. मी एकटा जीव, एका डोळ्याच्या खलनायकाला तसंही कोण विचारतो. माझी शपथ आहे. हा आशीर्वाद नाही, आज्ञा समज.

तुझा अण्णा

*

पोलीस ठाणे, उसिलंपट्टी
५ मार्च १९८४

ति. अण्णास, पेचीचा सा. न. वि. वि.

शपथ मोडली. रागावायचं असेल तर रागाव.

इन्स्पेक्टर आधी हसला. म्हणाला, भावाला वाचवायला आलीस, घरी जा. गाव तर, अण्णा, तुझंच नाव घेतोय. भीमराजाने मारलं म्हटलं की त्यांना सांगायला गोष्ट होते, एका घरातल्या बाईने मारलं यात कसली गोष्ट. मग मी सोनाराला घेऊन गेले. तो सुई हातात धरून तिथेच बसला होता, त्याने सगळं पाहिलं होतं. तो खरं बोलला. त्यांनी मला आत घेतलं.

आता नाव घेऊन लिहिते, नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ते माहीत असूनही. मासाणम तुझ्या छातीवर उभा राहून शिट्टी वाजवत होता आणि वेल्लत्ताई त्याचा पाय ओढत होती. त्याने तिला लाथेने उडवलं. कोयता बोकडाजवळच पडला होता. माझा उजवा हात वाकडाच बसलाय, पण डावा धड होता. मला भीती वाटली नाही आणि आज वाईटही वाटत नाही, हे देवीला खोटं कसं सांगू.

तू कोर्टात उभा राहून सगळ्यांसमोर सांग, की तुझी मूठ थांबते, तुला मारताच येत नाही. तुझं हसं होईल, काम मिळणार नाही. तरी सांग. पोर तुझ्याकडे राहील. तिला जवळ घेणारा हात कुणाला लागणारा नाही, एवढं मला पुरे आहे.

आणि अण्णा, तुझ्या वाटचा मार इतकी वर्षं मी खाल्ला. माझ्या हातून झालेला हा एक वार मात्र तू आपल्या नावावर घेऊ नकोस.

वेल्लत्ताईला अंबाडीची भाजी चालत नाही, घशाला खाज सुटते. जेलवर येशील तेव्हा तिला आणू नकोस. तुझी माया आहे तशीच असावी.

पेची