तोंडी बदललेली बांधी

बाबा, काकूवरचा फसवणुकीचा गुन्हा काल नागपूरच्या हायकोर्टानं रद्द केला. तक्रार तुमच्या धाकट्या मुलाची होती. तुम्ही आणि काकांनी धानाच्या बांध्या बदलल्या तो उन्हाळा मला लख्ख दिसतो. त्यांची बोडीच्या तळ्याजवळची आपल्याला, आपली रस्त्याकडची त्यांना. तुम्ही दोघं धुऱ्यावर, मधल्या बांधावर, उभे आहात, एकमेकांच्या बांधीतलं ढेकूळ उचलून आपापल्या बांधीत टाकता, झाला व्यवहार. आई म्हणते, "तलाठ्याले तरी सांगा." तुम्ही उखडता, "कागद कायले पायजे? माहा भाऊ आहे तो, सावकार नाई." सातबारा जुन्याच नावांवर राहिला.

आता सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी गोंडपिपरीकडच्या त्या रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आणला. काकांमागे काकूनं ती रस्त्याकडची बांधी विकायला काढली, इसार घेतला, आणि आमचा धाकटा ठाण्यात गेला: जमीन आमच्या नावावर, हिनं फसवणूक केली. चौकात मला म्हणाला, "भाऊ, सभेत गरिबाचा कैवार घेतो, अन् इथी घरची जमीन वाटून राह्यला?" मी म्हणालो, "ती बाबांनी दिली." "मंग दाखव कागद!" इकडे काकूनं लुगडं आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत भरून पिशवी खुंटीला अडकवली होती. जीपचा आवाज आला की खुंटीकडे बघायची. या वयात तुरुंग, आणि तोही घरच्याच पोरानं दाखवलेला.

कोर्टात मी दोनदा उठायला गेलो. काकूच्या वकिलानं दंड धरला, "भाऊ, इथी सभा नाई." न्यायाधीशांनी धाकट्याच्या वकिलाला एवढंच विचारलं, "फसलं कोण? ज्यानं इसार दिला, त्याची तक्रार कुठे आहे?"  मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात न्या, त्यासाठी पोलिसांचा दंडुका वापरू नका, असं त्यांनी सुनावलं.

म्हणजे बांधीचा निकाल अजून बाकीच आहे. तुम्ही, काका, आई गेल्यावर त्या बदलीचा साक्षीदार मी एकटा उरलोय, आणि मी भावाविरुद्ध उभा राहीन, शब्द फिरवणार नाही. बाहेर आलो तेव्हा तो मान खाली घालून एकटाच निघाला होता. काकूनं माझी बाही ओढली, "सकाळपासून उपाशी असन पोरगा. बोलाव त्याले जेवाले."  शेवटी तिनंच हाक मारली. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तो वळून आला, तिच्या शेजारी जेवायला बसला, आणि मला, बाबा, दोघांचाही राग आला.