तळ्यावरचा राजहंस

गुंद, पौष वद्य तृतीया, मंगळवार

चोचीच्या मुळाशी काळं टेंगूळ होतं. मी स्वतः पाहिलं. सकाळी कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहून वहीत चित्र काढलं. नारिंगी चोच, वर टेंगूळ, रेंजरसाहेबांच्या पुस्तकात आहे तस्संच. बदक नव्हे, राजहंसच! या रानात कुठून आला असेल? साहेबांना लगेच निरोप धाडला.

पुढची चूक माझीच. आनंदाच्या भरात शाळेत बोलून गेलो. दुपारी पाटील आले. म्हणाले, "मास्तर, हंस दूध आन् पाणी येगळं करतोय म्हंत्यात. उद्या साहेबांच्या म्होरं बाबूचं दूध ठेवून बघूया की!"

बाबू गवळी तिथंच उभा होता.

संध्याकाळी तळ्यावर गेलो तर हंस नाही. काठावर बाबू, हातात गोफण.

"काय केलंस रे हे?"

"हाकललं. भात खात हुतं त्ये, मास्तर."

पौषात शेतात कुठलं आलंय भात?

उद्या साहेब येणार आणि टेंगूळ फक्त माझ्या वहीत. विश्वास ठेवतील का? चिडून अहवाल लिहिला, बाबूच्या नावानिशी. पण घरात ही भलतीच खूश. बाबूच्या दुधावर आज पहिल्यांदाच साय धरली होती.

दोन वाट्या खीर खाल्ली आणि अहवालातलं बाबूचं नाव खोडलं.