पाण्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी, भीमाबाई बाबुराव उबाळे, वय अठ्ठ्याहत्तर (जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, एखादं वर्ष इकडेतिकडे), राहणार दिवा पूर्व, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांना चष्मा आहे आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट मी सध्या फार खुशीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, नुसतं 'स्वखुशीने' लिहा, पुरतं तेवढं." पण स्वखुशी वेगळी आणि खुशी वेगळी. शाळा तिसरीपर्यंत झाली आहे. अक्षर माझं आहे, चुकाही माझ्याच. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

१. दिव्याची चाळीतली खोली माझ्या नावावर आहे. ती माझ्यामागे माझा एकुलता एक मुलगा धम्मपाल याला मिळावी. तो ठाण्यात, वर्तकनगरला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला खोलीचं काही अडलेलं नाही. विकणार असेल तर आधी पत्रे बदलून घ्यावेत, गळक्या घराला कोणी भाव देत नाही.

२. बँकेत जे काय निघेल ते आणि कानातल्या कुड्या सून रसिका हिला. रसिकाने मला एकदाच उलट उत्तर दिलं आणि तेव्हा तिचं बरोबर होतं.

३. निळं पिंप शेजारच्या विमलाबाईंना. टँकर आला की त्या "जरा बघून येते गं" म्हणून पुढे जायच्या आणि पुढेच राहायच्या. पिंप भरताना त्यांना हे आठवावं म्हणून देते आहे.

४. बाजाची पेटी माझी नात मेघना हिला. ही पेटी माझ्या मालकांची. ते दिवसा माजिवड्याच्या कंपनीत हेल्पर आणि संध्याकाळी 'बाबुराव उबाळे आणि गायनपार्टी'. बाबासाहेबांच्या जयंतीला कल्याणपासून ठाण्यापर्यंत बोलावणी असायची. गाणी स्वतः बांधायचे, स्वतः गायचे. मेघना पण गाणी करते. तिचं गाणं म्हणजे कोणाशी तरी भराभर भांडल्यासारखं असतं, पण यमक पक्कं. ते आजोबांचं आलंय. माझं नाही, मला आयुष्यात दोन ओळी जुळवता आल्या नाहीत.

एकदा तिने विचारलं, "आजी, आजोबा तुला आय लव्ह यू बोललेले का?"

मी म्हटलं, "बोलले ना. माईकवरून."

खरंच तसं होतं. घरात मला "भात कच्चा राहिलाय" एवढंच ऐकवायचे, आणि स्टेजवर गेले की माझ्या पायांच्या भेगांवर गाणं. दोन हजार माणसं माझ्या भेगांसाठी हळहळली. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, एवढं दिसत होतं तर मलम आणायचं." दुसऱ्या दिवशी आणलं. दुःखाचंही तसंच. काळीज पोखरलं म्हणून त्यांचं एक गाणं होतं, बायका पदर लावायच्या डोळ्यांना. ते गाणं बांधलं तेव्हा ह्यांची दाढ किडलेली होती. रात्रभर गालावर मिठाची पुरचुंडी धरून बसलेले. म्हणून मला वाटायचं, कवी जे सांगतो त्यातलं निम्मं बनवलेलं असणार. हे मत मी या मृत्युपत्राने मागे घेते. का ते खाली आहे.

५. मालकांची सगळी गाणी धम्मपालला. अट एकच. आमच्यात गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. आधीची कडवी समाजाची, बाबासाहेबांची, सगळ्यांची. शेवटचं कवीचं स्वतःचं. त्यात तो आपलं नाव घेऊन आपल्या घरचं सांगतो. कल्याणच्या एका गायकाने कॅसेट काढली आणि ह्यांचं नावाचं कडवं गाळलं. हे त्याच्या घरी जाऊन म्हणाले, "माझ्याकडे ना शेत ना वाडा. नाव तेवढं आहे, ते पण खाल्लंस?" मरेपर्यंत त्याच्याकडचा चहा घेतला नाही. म्हणून अट अशी, की गाणं कोणीही गावं, पण शेवटचं कडवं गाळू नये.

६. आता पाण्याचं गाणं. तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी चाखवलं, पण दिव्याच्या नळाला ते अजून पोचलं नाही, असं ते गाणं. वस्तीचं सगळ्यात लाडकं. धम्मपाल लग्न करून वर्तकनगरला गेला, कारण तिथे पाणी होतं आणि नोकरी जवळ होती. ह्यांनी तोंडाने काही अडवलं नाही. पण त्या वर्षीच्या जयंतीला, धम्मपाल नव्या सासऱ्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसलेला असताना, शेवटचं कडवं असं गायलं:

बाबुराव हा रांगेत उभा, हंडा घेऊन हाती,
पोरगं गेलं नळाच्या घरी, तुटली सारी नाती.

धम्मपाल उठून गेला. पुढच्या वर्षी मेघना झाली, तरी बापलेक बोलले नाहीत. ती चार महिन्यांची असताना हे गेले. धम्मपालने सगळं केलं बापाचं, माझंही आजवर करतो. पण पाण्याचं गाणं सुरू झालं की तो मंडपातून बाहेर पडतो. पार्टीवाले त्याच्यासाठी शेवटचं कडवं गाळतात. म्हणजे ज्या नावासाठी बापाने चहा सोडला, ते नाव मुलापायीच गळालं.

७. जायच्या आधी आठ दिवस ह्यांनी ते कडवं बदललं होतं. पेटीवर हळू आवाजात फक्त मला ऐकवलं, कागदावर नाही. जलदान विधी झाल्यावर मी धम्मपालला सांगायला गेले. पहिली ओळ म्हटली तोच तो म्हणाला, "आई, बस. माझ्या समाधानासाठी तू जुळवलंयस. बाबा असं कधी लिहायचे नाहीत." आणि उठून गेला. मलाही वाटत होतं, हे कुठले वर्तकनगरला जातात, त्या आठवड्यात ठाण्याला गेले ते फंडाच्या कागदांसाठी कंपनीत, असं मला सांगून. कडवं असं:

चौथ्या मजली दुपटी वाळत, खालून पाहिली मी,
वॉचमनपाशी खुळखुळा, अन् माघारी वळलो मी.
नळाखाली न्हाऊ दे नात, रांग माझी सरली,
धम्मपालचा बाप म्हणे, घागर माझी भरली.

नावाच्या जागी बाबुराव नाही. धम्मपालचा बाप.

गेल्या रविवारी वर्तकनगरला रंगकाम निघालं म्हणून रसिका माळा रिकामा करत होती. एक लाकडी खुळखुळा हातात घेऊन म्हणाली, "आई, हा कोणी दिला ते कधी कळलंच नाही. मेघना तान्ही असताना वॉचमनने वर आणून दिलेला. बोलला, कोणी काका ठेवून गेले. नाव विचारलं तर बोलले, नावाचं काय करायचंय."

मी तिथेच खाली बसले. तिला वाटलं चक्कर आली, साखर घातलेलं पाणी आणलं. मी पाणी प्याले आणि हसत सुटले.

म्हणून हे मी शपथेवर लिहिते. कडवं माझं नाही, त्यांचं आहे, आणि त्यातलं सगळं घडलेलं आहे. तोंडाने सांगायला गेले तर धम्मपाल पुन्हा पहिल्या ओळीला उठेल. मृत्युपत्र वाचताना अर्ध्यात उठता येत नाही. धम्मा, मान किंवा मानू नको, पण शेवटपर्यंत वाच.

पुरवणी. वरची पानं झेरॉक्स काढायला मेघनाकडे दिली होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि धम्मपालने वाचली. काल तो दिव्याला आला. बूट काढले, कॉटवर बसला, पानं परत दिली. मग म्हणाला, "आई, चौथ्या ओळीत एक अक्षर कमी पडतंय. 'म्हणे' नाही, 'म्हणे रं' असणार. बाबा तिथे श्वास घ्यायचे." आणि खिशातलं पेन काढून 'रं' घातला. मांडीवर ठेका धरून दोनदा म्हणून बघितलं. मी चहा टाकायला आत गेले ती मुद्दाम उशिरा बाहेर आले.

वकीलबाई रागावल्या. ज्याला मिळायचं त्याच्या हातचं अक्षर मृत्युपत्रात चालत नाही, पान पुन्हा लिहा म्हणाल्या. मी लिहिणार नाही. कलम सातमधली चौथ्या ओळीतली दुरुस्ती माझ्यासमोर झालेली असून ती मला मान्य आहे. शेजारी समासात माझी सही केली आहे.

ठिकाण: दिवा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: भीमाबाई बाबुराव उबाळे (सही)

आमच्यासमोर आजींनी सगळं मोठ्याने वाचलं, कडवं चालीवर म्हटलं आणि मग सही केली:
१. मयूर सदाशिव कांबळे, खोली नंबर ६ (सही)
२. संदेश यशवंत तांबे, किराणा दुकान, दिवा पूर्व (सही)