चुलीजवळच्या डब्यातली चटणी

८ ऑक्टोबर
गावी आलेय. शेंगा काढल्या, ढीग घातला आणि वरून पाऊस. सगळा माल भिजला. ओसरीत, अंगणात, कॉटखाली, जिथं बघावं तिथं शेंगा. घरभर ओल्या गोणपाटाचा वास.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं काम याच वासावर चाललंय. भिजल्या शेंगदाण्याला बुरशी धरते, बुरशी विष सोडते, भाजून-कुटूनही ते पुरतं जात नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हर धरतं, पुढं पोटात पाणी होतं. म्हणून गावोगावच्या चटण्या गोळा करायच्या नि तपासायच्या. आई-अण्णांना हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, "म्हंजे चटणी खायचा पगार मिळतो व्हय तुला!" सगळे हसले. मीपण.
हसताना बघितलं. अण्णांचे डोळे पिवळे.

१० ऑक्टोबर
कावीळच. पारावर कुणीतरी विचारलं म्हणे, "अण्णा, कवापासून घेताय?" या माणसानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. घरी आले ते ताटावर बसेनात. आई म्हणाली, "बोलू द्या मेल्यांना. तुमी जेवा."
निघताना वहिनीला म्हटलं, आपल्या घरची चटणी दे डबीत, तपासायला. पोटुशी आहे, वाकवत नाही, तरी चुलीजवळच्या डब्यातून भरून दिली. "लई तिखट हाय ताई, जपून."

१७ ऑक्टोबर
अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली आमच्या चटणीच्या अर्काची पट्टी धरली. निळा ठिपका. म्हणजे विष. बाकी नमुन्यांत कुठं फिकट, कुठं काहीच नाही. आमचा सगळ्यात ठळक.
सर खूश! "वा, असा नमुना मिळायला नशीब लागतं. कुठला हा?"
"माजलगावकडचा," म्हटलं. घरचा म्हणायला जीभ वळेना.
अण्णा दोन्ही वेळेला चटणी-भाकरी खातात. कालवण कसंही असो, कडेला चटणी पाहिजेच. आता ते पिवळे डोळे. देवा, नको रे.

१८ ऑक्टोबर
आईला फोन.
"चटणी बंद. आजपासून."
"कावून?"
सांगितलं. बुरशी, लिव्हर, सगळं. ओरडूनच सांगितलं, रेंज नव्हती.
"बरं बाई. न्हाई वाढत त्यांना."
हुश्श.

२४ ऑक्टोबर
बीड. अण्णांना दवाखान्यात दाखल केलं. रक्त तपासायला दिलं, उद्या सोनोग्राफी. आई सगळ्यांचा डबा घेऊन आली, स्वतः जेवली नाही. "भूक न्हाई." जिना चढताना मधेच बसली, बरगडीखाली हात दाबून. बांगड्या पार कोपरापर्यंत वर जातात तिच्या, मनगट नुसतं काटकी. म्हटलं, आई, आता तू नको गं मधे काही दुखणं काढूस, आधी अण्णांचं होऊ दे. म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

२५ ऑक्टोबर
खडा!! पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, म्हणून कावीळ. लिव्हर ठणठणीत. डॉक्टर हसले. मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागं ढसाढसा रडले, येड्यासारखी.
खडा काढतील. अण्णांची ऑर्डर: "पारावर पेढे वाटा. अन् खडा जपून ठेवा, दाखवू भडव्यांना."

२७ ऑक्टोबर
एक डोक्यातून जात नाही. ठिपका खोटा नव्हता. पुन्हा पट्टी केली, पुन्हा निळा. मग अण्णांचं लिव्हर इतकं कसं चांगलं? शरीराचं काही सांगता येत नाही, हे खरं. तरी.

१२ नोव्हेंबर
गावी. अण्णा घरी, डोळे पांढरेशुभ्र, तोंड पूर्वीसारखं सुरू. जेवायला बसलो तर त्यांच्या ताटात चटणी! माझा भडका उडाला. आई शांत. "आगं, ही बरणीतली हाय. निवडक दाण्याची. त्यांची कायम हीच. तुमी ल्हान होतात तवा तुमालाबी हीच."
"मग चुलीजवळच्या डब्यातली?"
"ती माझी."
ताट सरकवून चुलीपाशी जाऊन बसले.
काढून घेतलं सगळं तिच्याकडून, एकेक प्रश्न विचारून. शेंगा फोडल्या की पहिले दाणे बाजाराला. मग घरच्या पुरुषांना, पोरांना, पाव्हण्यांना. सुपात उरतात ते काळपट, चिमलेले, कडू. ते भाजायचे, लसूण-मिरची दुप्पट घालून कुटायचे. "मंग कडू लागत न्हाई."
"कधीपासून खातेस?"
"लगीन झाल्यापासून. माझी सासूबी हेच करायची. अन्न हाय ते. उकिरड्यावर टाकू का?"
"आजी कशानं गेली गं?"
"पोटात पाणी झालतं तिच्या."
एवढं बोलून आई भाकरी थापायला लागली.

१३ नोव्हेंबर
डबा उकिरड्यावर रिकामा केला. आई रिकामा डबा उचलून आत गेली. संध्याकाळी म्हणाली, "शिकून हेच शिकलीस का? अन्नाला लाथ मारायला?" दवाखान्याचं नाव काढलं तर, "त्यांचं झालं न्हवं बरं? मंग बास की." उजवा हात मात्र सारखा बरगडीखाली दाबून धरते. हे मी बीडलाही बघितलं होतं की. बघितलं आणि खड्याच्या आनंदात विसरले.
अण्णा ओसरीत. तिथूनच म्हणाले, "एका घरात जेवतो आमी. दोन चटण्या हायेत, हे मला ठाऊक नसावं?"


३० नोव्हेंबर
अण्णा जिंकले. स्वतः जीप सांगून आणली, आईला म्हणाले, "बस. न्हाईतर मी जेवत न्हाई." बसली. यांच्या जेवणापुढं तिचं काही चालत नाही.
बीडचाच डॉक्टर. या वेळी हसला नाही. मशीन एकाच जागी फिरवत राहिला. गाठ आहे लिव्हरवर. कसली ते इथं कळणार नाही, संभाजीनगरला न्या.
मी चटणीचं सांगितलं. म्हणाला, त्यानंच झालं असं एका माणसावरून म्हणता येत नाही. बरोबर आहे त्याचं. पेपर लिहीन तेव्हा मीही हेच लिहीन. पण बाहेर बाकावर आई पदराखाली मोसंबी सोलत होती, अण्णांसाठी, आणि मला काहीच बरोबर वाटत नव्हतं.

५ डिसेंबर
सर: "त्या माजलगावच्या घरातून अजून थोडा नमुना मिळेल का?"
संपला म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

८ डिसेंबर
गावी. उद्या आईला घेऊन संभाजीनगर. तिनं दादाचे कपडे धुतले, जनावरांचं कुणी बघायचं ते सांगितलं, भिंतीला टेकून झोपून गेली. मी शेजारी. ती झोपेत कण्हते. आधीपासून कण्हत असेल.

९ डिसेंबर, जीपमध्ये
अक्षर हलतंय. चटका बसलाय मनाला एका गोष्टीचा, लिहिल्याशिवाय राहवत नाही.
सकाळी निघायची गडबड. आई आत चपला शोधतेय. वहिनी ओसरीत पाय पसरून, सूप मांडीवर. आठवा महिना, पोट सुपाला टेकतंय. दाणे निवडत होती. दोन ढीग.
"हे काय गं?"
"आत्याबाईसाठी." तिनं आत आईकडं मान केली. "तुमीच म्हणलात न्हवं, त्यांना आता निवडक दाण्याचंच घालायचं."
"आणि हा ढीग?"
तिनं त्या काळपट ढिगावर हात ठेवला, कुणी उचलून नेईल म्हणून.
"ऱ्हाऊ द्या की ताई. थोडेच हायेत. अन् मी लसूण जास्ती घालते."
ओढूनच घेतले. रागावले, हात जोडले, काय काय बोलले. ती मान हलवत होती, हो हो म्हणत होती. आई म्हणाली होती तसंच, "बरं बाई." दादाला हाक मारली तर तो मळ्यात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
ते दाणे माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेत. आई खिडकीला डोकं टेकून बसलीय, हात बरगडीखाली. अण्णा तिला पाणी पाजतायत, त्यांना सवय नाही, सांडतंय.
घरी शेंगांची पोती अजून फोडायची आहेत. सूप वहिनीजवळ आहे.