गोरेगावात समता कशी आली

३ नोव्हेंबर १९५७
नागपूरहून आणलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक अर्धं संपलं. उरलेलं अर्धं सोपंच असणार. त्यात विषमतेचा गुणांक आहे: सगळ्यांची कमाई सारखी तर शून्य, सगळी एकाच्याच घरी गेली तर एक. आपल्या गोरेगावचा ०.४१! शरमेची गोष्ट. संकल्प: संक्रांतीपर्यंत शून्य. मग दिल्लीहून बोलावणं येईलच. कोट शिवायला टाकावा.

७ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर चावडीच्या भिंतीवर कोळशाने आलेख काढला. सरळ रेघ म्हणजे समता. तिच्याखाली पोट सुटलेली रेघ म्हणजे आपलं गाव. टोकाशी सगळ्यात श्रीमंताचं नाव घातलं: यादोराव. धानाची गिरणी त्यांची, आमची भाड्याची खोलीही त्यांचीच. लोकांत तुफान इंटरेस्ट! पोट धरून हसत होते. ज्ञानाचा आनंद, दुसरं काय.

८ नोव्हेंबर
गैरसमज. लोकांना ते यादोरावांचं चित्र वाटलं. ढेरी हुबेहूब उतरली म्हणे. यादोराव स्वतः येऊन बघून गेले. मी समजावलं, हे पोट तुमचं नाही, गावाचं आहे. आणखीच भडकले.

१५ नोव्हेंबर
यादोराव इंजिनासकट गिरणी बैलगाड्यांवर लादून तिरोड्याला गेले. घरी बायको, शामकला, दिवसभर बोलली नाही, त्यामुळे हिशोब शांतपणे झाला. ०.१९! एक माणूस गेला नि निम्म्याहून जास्त विषमता खलास. दिल्लीला कार्ड टाकलं.

२८ नोव्हेंबर
बाया आता घरोघर मुसळाने धान कुटून राहिल्या. माझं नाव घेऊन कुटतात, असं शामकला म्हणते. गावाचं कल्याण घसरलं हे मान्य, पण सगळ्यांचं सारखं घसरलं! शिवाय कल्याणाचा धडा पुस्तकात पुढे आहे. तिच्या हाताला फोड आलेत. वाईट वाटलं. मुसळ धरणारच होतो, पण आकडेमोड राहिली होती. भात मागितला तर म्हणाली, गुणांक शिजवा ना जी.

४ डिसेंबर
शेजारच्या धुरपताबाई बायांचा घोळका घेऊन आल्या. मला वाटलं, सत्कार. त्यांनी विचारलं, आता गावात सगळ्यात जास्त कमाई कोनाची जी? म्हटलं, माझीच, पगारदार मी एकटा. मंग तुमी गेले तं? पाटीवर करून पाहिलं. ०.०६! काय देखणा आकडा! बदलीचा अर्ज मीच लिहून दिला. 'सदर मास्तर गावास असह्य झाले आहेत.' भाषा कशी कडक हवी. खाली सगळ्यांचे अंगठे. शामकलेची मात्र सही. मीच शिकवली होती.

२० डिसेंबर, तिरोडा
अर्ज मंजूर. खोली पुन्हा यादोरावांचीच मिळाली, भाडं दीडपट. भिंतीपलीकडे गिरणी धडधडते. शामकला आली नाही. तिला पगार नाही, तिच्या राहण्याने गावचा आकडा बिघडत नाही म्हणाली. हिशोब बिनतोड होता.
भात करपला. बसल्या बसल्या खोलीचा गुणांक काढला. माणूस एक, आला शून्य. ओरडून सांगितलं असतं, पण ऐकायला कुणी नव्हतं. शामकलेची फार आठवण येते.